मदतीच्या पैशाची वाट

शासनाने आपत्तीची मदत जाहीर करणे आणि ती शेतकऱ्याच्या खात्यात जमा होणे, या दोन घटनांमध्ये काही आठवड्यांचे, कधी काही महिन्यांचे अंतर असते. या काळात पैसा कोणत्या कागदावरून, कोणत्या कार्यालयातून आणि कोणत्या यंत्रणेतून पुढे सरकतो, हे महसूल खात्याला, बँकेला आणि सेवा केंद्राला माहीत असते. ज्याच्यासाठी तो पैसा निघालेला असतो त्याला मात्र ते क्वचितच कळते. मदतीच्या नावाने होणारी फसवणूक नेमकी या अंतरात घडते, आणि म्हणून पैशाची वाट समजून घेणे हाच तिच्यावरचा पहिला उपाय ठरतो.

हजेरीपटाकडून खात्याकडे

१८७६–७८ च्या दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि त्यातून तयार झालेल्या दुष्काळ संहितांनी मदतीची एक रीत पक्की केली : धडधाकट माणसाला काम देऊन मजुरी द्यावी आणि काम करू न शकणाऱ्याला थेट मदत करावी. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो माणसे खडी फोडण्याच्या, पाझर तलावांच्या आणि रस्त्यांच्या कामांवर गेली, तेव्हाही मजुरीचा आधार हजेरीपट हाच होता. त्या व्यवस्थेतील फसवणूक हजेरीपटावरच्या खोट्या नावांतून आणि वाटपाच्या वेळी परस्पर कापल्या जाणाऱ्या रकमेतून होत असे. पैसे मोजणारा हात आणि पैसे खाणारा हात पुष्कळदा एकच असे.

थेट लाभ हस्तांतरण, म्हणजे शासकीय अनुदान मध्यस्थाविना लाभार्थ्याच्या बँक खात्यात जमा करण्याची पद्धत, देशात १ जानेवारी २०१३ रोजी सुरू झाली. तिला लागणारी ओळख आधारने पुरवली, ज्याचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावात देण्यात आला होता. आणि लागणारी खाती ऑगस्ट २०१४ पासूनच्या जनधन योजनेने मोठ्या संख्येने उघडली. रोख मोजणारा हात दूर झाला हे या पद्धतीचे मोठे यश आहे. परंतु ओळख पटवण्याचे काम आता अंगठ्याच्या ठशाकडे आणि मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीकडे, म्हणजे एकदाच वापरायच्या सांकेतिक अंकांकडे, आले असल्यामुळे फसवणूकही वाटपाच्या टेबलावरून उठून लाभार्थ्याच्या हातातील फोनपर्यंत पोचली.

पंचनाम्यापासून पुढे

अतिवृष्टी किंवा पुराने पीक गेल्यास मिळणारी मूळ मदत राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येते, आणि या निधीत महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी केंद्राचा ७५ टक्के व राज्याचा २५ टक्के वाटा असतो. २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरलेल्या निकषांनुसार ३३ टक्के किंवा अधिक नुकसान झालेल्या क्षेत्राला, दोन हेक्टरच्या मर्यादेत, कोरडवाहू पिकासाठी हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीसाठी १७,००० आणि बहुवार्षिक पिकांसाठी २२,५०० रुपये असा दर ठरला. राज्य शासन त्यात भर घालू शकते. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्याला पुराचा मोठा फटका बसल्यावर महाराष्ट्राने ही मर्यादा तीन हेक्टरपर्यंत वाढवली आणि ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. हजारो कोटींचा आकडा ऐकून वाढलेल्या अपेक्षेवरच भामटा डाव टाकतो. एक एकर कोरडवाहू सोयाबीन पूर्ण वाहून गेले तरी या मूळ दराने सुमारे ३,४०० रुपये होतात, हा हिशेब ज्याने मांडून पाहिला आहे, त्याला “तुमचे पन्नास हजार मंजूर झाले” असे सांगणारा फोन पहिल्याच वाक्यात खोटा वाटेल.

मदतीच्या वाटेवरचा पहिला टप्पा पंचनाम्याचा, म्हणजे नुकसानीच्या जागेवर जाऊन केलेल्या लेखी नोंदीचा. तलाठी (ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), कृषी सहायक आणि ग्रामसेवक हा पंचनामा संयुक्तपणे करतात आणि त्यात गट क्रमांक, पीक, बाधित क्षेत्र व नुकसानीचे प्रमाण नोंदवतात. पुढे तहसील कार्यालयात यादी तयार होऊन संगणकावर चढवली जाते, आणि यादीतील नावाला एक विशिष्ट क्रमांक मिळतो, ज्याला गावोगावी ‘व्हीके नंबर’ म्हणतात. ओळख पडताळणी बाकी असल्यास हा क्रमांक घेऊन शेतकरी आपले सरकार सेवा केंद्रात जातो आणि आपले नाव, क्षेत्र व रक्कम पडद्यावर तपासून अंगठा लावतो. या ओळख पडताळणीला ई-केवायसी म्हणतात.

त्यानंतरचा प्रवास डोळ्यांना दिसत नाही, आणि सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो. आधारवर आधारित शासकीय अनुदानाची रक्कम भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाच्या आधार पेमेंट ब्रिजमधून जाते. या यंत्रणेकडे कोणता आधार क्रमांक कोणत्या बँकेशी जोडला आहे याचा एक नकाशा असतो, आणि त्यात बँकेची नोंद करण्याला आधार सीडिंग म्हणतात. पासबुकाला आधारची झेरॉक्स जोडली म्हणजे सीडिंग झाले असे नव्हे; आणि एकापेक्षा अधिक खाती असल्यास पैसे सर्वांत शेवटी सीडिंग झालेल्या खात्यात जातात. २०१७ मध्ये एका दूरसंचार कंपनीच्या पेमेंट बँकेत ग्राहकांच्या स्पष्ट संमतीविना खाती उघडली गेली आणि त्यांचे गॅसचे अनुदान तिकडे वळले, ते याच नियमामुळे. पैसे आले नाहीत म्हणजे कोणी खाल्ले, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी आपले आधार कोणत्या बँकेशी सीड आहे हे बँकेत किंवा आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहणे म्हणूनच आवश्यक असते.

फसवणुकीच्या जागा

या वाटेवरील प्रत्येक टप्प्याची एक नक्कल भामट्यांनी तयार केली आहे. पीएम किसान योजनेच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी ‘एपीके’ फाईल हे त्याचे ठळक उदाहरण होय. एपीके म्हणजे अधिकृत ॲप-भांडाराबाहेरून फोनमध्ये थेट बसवता येणारे ॲप. ते उघडताच योजनेचे बोधचिन्ह दिसते, आधार क्रमांक विचारला जातो आणि संदेश वाचण्याची परवानगी मागितली जाते. ती दिली की बँकेचा ओटीपी फोनधारकाने न सांगताही परक्याच्या हाती पडतो. लाडकी बहीण योजनेसाठी २०२५ मध्ये ई-केवायसी अनिवार्य झाल्यावर तिच्या नावाची बनावट संकेतस्थळेही अशीच उगवली. शासकीय संकेतस्थळाचा पत्ता सामान्यतः ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो, आणि शासनाकडून आलेल्या लघुसंदेशात पाठवणाऱ्याच्या नावाअखेर इंग्रजी ‘जी’ हे अक्षर असते, या दोन खुणा घरातील प्रत्येकाला ठाऊक असाव्यात.

बनावट ॲप आणि संकेतस्थळे ही पहिली जागा; दुसरी जागा यूपीआयची. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात, येत नाहीत. तिसरी जागा अंगठ्याची, आणि ती सर्वांत दुर्लक्षित आहे. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि अंगठा एवढ्यावर खात्यातून पैसे काढता येत असल्यामुळे “ठसा उमटला नाही, पुन्हा लावा” असे म्हणून एखादा अप्रामाणिक केंद्रचालक दुसऱ्या ठशावर रक्कम काढून घेऊ शकतो. अंगठा कशासाठी लावायचा आहे हे आधी विचारणे, पडदा पाहणे आणि छापील पावती मागणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. आधार प्राधिकरणाच्या अधिकृत ॲपवरून बोटांचे ठसे कुलूपबंद करून गरजेपुरते उघडण्याची सोयही उपलब्ध आहे.

पैसे गेलेच, तर वेळ सर्वांत मोलाचा असतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे मदतवाहिनीचा १९३० हा क्रमांक लगेच लावल्यास रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्यापूर्वी गोठवली जाण्याची शक्यता असते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असल्यास बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याला सोसावे लागते, परंतु कळवल्यानंतरच्या नुकसानीची जबाबदारी बँकेवर येते. म्हणून लाजेपोटी घालवलेला एकेक तास महाग पडतो.

सावधपणाचा सगळा भार मात्र पूरग्रस्त माणसावर टाकून चालणार नाही. यादी चावडीवर लागावी, नाव वगळले असल्यास कारण लिहिलेले असावे, रक्कम कोणत्या बँकेत गेली हे संदेशातून कळावे, कारण ज्याला उत्तर मिळते तो दलालाच्या दारी जात नाही. मदतीविषयीची माहिती हा मदतीचाच भाग आहे. आणि वाचकांनी आपल्या घरातील, शेजारातील थोरामोठ्यांना एवढे एक सांगून ठेवावे : मदतीसाठी ओळख पटवायची ती स्वतः जाऊन, अधिकृत ठिकाणी; फोन करून ओटीपी, पिन किंवा आगाऊ पैसे मागणारा माणूस शासनाचा नसतो.