डब्याचा जन्मदाखला

वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे)त एखाद्या घरावर सोलर बसलं की येणारा-जाणारा मान वर करून पॅनेल मोजतो. खरी करामत चाललेली असते ती खाली, जिन्याजवळच्या भिंतीवर टांगलेल्या दीड-दोन फुटी डब्यात, म्हणजे इन्व्हर्टरमध्ये. पॅनेलचं काम तसं सरळ: ऊन पडलं की एकाच दिशेने वाहणारी डीसी वीज द्यायची. घरातला पंखा, फ्रीज, बोअरची मोटर यांना लागते सेकंदाला ५० आवर्तनं घेणारी एसी वीज. ती घडवायला या डब्यातले स्विच सेकंदाला पंधरा-वीस हजार वेळा उघडझाप करतात. ना ठिणगी, ना खटका. प्रत्येक वेळी किती काळ उघडं राहायचं याचा हिशेब वेगळा, आणि त्या हिशेबातूनच गुळगुळीत लहर तयार होते. हे करताना दुसरा उद्योगही चालूच असतो. ढग आला, धूळ साचली, ऊन कललं, की जास्तीत जास्त वॉट किती व्होल्टवर मिळतील ते ठिकाण सरकतं. मग इन्व्हर्टर व्होल्ट जरासे वाढवून बघतो. वॉट वाढले तर त्याच दिशेने पुढे, घटले तर मागे. सूर्य मावळेपर्यंत हेच.

बरं, ती ५० आवर्तनं त्याच्या मर्जीची नसतात. ३१ डिसेंबर २०१३ला दक्षिणेचं वीजजाळं उरलेल्या देशाच्या जाळ्याला जोडलं गेलं आणि सगळा भारत एकाच ठेक्यावर चालू लागला. कोराडीचं जनित्र, कोयनेचं टर्बाइन आणि सिंदीतल्या भिंतीवरचा ३ किलोवॅटचा डबा, तिघांचे पाय एकाच वेळी पडतात. आपल्या घराच्या मीटरपाशी उभं राहून हा विचार केला की माझ्या तरी अंगावर काटा येतो.

म्हणूनच लाईन गेली की भर दुपारच्या कडक उन्हातही हा डबा बंद पडतो. बॅटरी नसलेलं सोलर घेतलेल्या माणसाला याचा भयंकर राग येतो आणि तो ऑनलाइन अभिप्रायात एक तारा देऊन मोकळा होतो. पण लाईन गेली म्हणजे पलीकडे डीपीवर लाईनमन चढलेला असू शकतो. त्याने फ्यूज काढून तार मेली असं धरलं आणि आपल्या छतावरची वीज त्याच तारेत उलटी शिरली तर? जाळं गेल्याचं ओळखून इन्व्हर्टरने २ सेकंदांच्या आत हात काढून घ्यावा, अशी चाचणीच असते. ज्या गुणासाठी यंत्राला पास केलं, त्याच गुणासाठी गिऱ्हाईक त्याला नापास करतं.

आता हा डबा आला कुठून? बाजूला एक रुपेरी स्टिकर असतो. कमाल डीसी व्होल्ट, आयपी ६५, चालण्याचं तापमान उणे २५ ते अधिक ६०, सिरियल नंबर अशी दाटीवाटी. तळाशी भारतीय मानक ब्युरोचं नोंदणीचिन्ह आणि इंग्रजी ‘आर’ अक्षरापुढे आठ आकडे. बहुतेकांची नजर त्यावरून घसरते. पण हाच डब्याचा जन्मदाखला. ही नोंदणी कंपनीला सरसकट मिळत नाही, एका विशिष्ट ठिकाणच्या कारखान्याला मिळते. तोच माल दुसऱ्या गावच्या कारखान्यात बनवायचा तर वेगळी नोंदणी. मोबाइलवर ब्युरोचं ‘बीआयएस केअर’ ॲप उघडून ते आकडे टाकले, की नोंदणी कुणाच्या नावे आहे ते समोर येतं. डब्यावर ठसठशीत अक्षरांत एका भारतीय कंपनीचं नाव आणि नोंदणीत चीनमधल्या कारखान्याचा पत्ता, असंही निघतं. यात फसवणूक असतेच असं नाही. दुसऱ्याकडून बनवून घेऊन आपलं नाव लावायचं, हा या धंद्यातला राजमार्ग आहे.

आराखडा एकीकडे, कारखाना दुसरीकडे, ही गोष्ट या क्षेत्रात इतकी मुरलेली आहे की नकाशाच काढावा. जर्मनीत कासेल शहराजवळ १९८१ साली स्थापन झालेली एसएमए आणि फ्रायबुर्गची फ्राउनहोफर संस्था, या दोन ठिकाणी ट्रान्सफॉर्मर नसलेल्या इन्व्हर्टरच्या नामांकित जोडण्या जन्मल्या. स्विच नेमके कुठे आणि किती लावायचे, एवढ्याच प्रश्नाचं ते उत्तर. पण त्याने वाया जाणारी वीज दोन-तीन टक्क्यांवर आली. चीनच्या हफेई शहरात १९९७ साली सुरू झालेल्या सनग्रोने २०१८मध्ये बंगळुरूला कारखाना काढला: विचार हफेईचा, हात कर्नाटकाचे. एनफेजचं त्याहून उलटसुलट. कंपनी कॅलिफोर्नियातली, अभियंत्यांचं एक मोठं केंद्र बंगळुरूत, स्वतःचा कारखाना नाही, आणि पॅनेलखाली बसणारे तिचे छोटे इन्व्हर्टर बनवून देणाऱ्यांत सालकॉम्पचा चेन्नईजवळचा कारखाना. म्हणजे अमेरिकेतल्या छतावरच्या ‘परदेशी’ यंत्राचं काही डोकं आपलं आणि काही हातही आपले.

सगळ्यात रंजक प्रवास इटलीतल्या टस्कनीमधल्या एका इन्व्हर्टर कारखान्याचा. तो आधी मॅग्नेटेकचा होता, २००६मध्ये पॉवर-वनचा झाला, २०१३मध्ये एबीबीने पॉवर-वनच घेतली, २०२०मध्ये एबीबीने हा व्यवसाय फीमरच्या हवाली केला, आणि दोन-तीन वर्षांत फीमरही आर्थिक अडचणीत आली. बंगळुरूचा कारखानाही एबीबीकडून फीमरकडे गेला. यंत्राचा वंश तोच, पाटी तेवढी बदलत गेली. आता २०१७ साली एबीबीच्या नावावर पडलेले पाच तारे २०२१च्या गिऱ्हाइकाने कुणाच्या खात्यात जमा धरायचे?

पाटी आणि कारखाना वेगळे असल्याची किंमत अमेरिकेत काहींनी २०२४च्या नोव्हेंबरात मोजली. निंगबोची डेये कंपनी टेक्सासच्या सोल-आर्कला इन्व्हर्टर बनवून देत होती. डेयेच्याच नावाचे काही इन्व्हर्टर दुसऱ्या वाटेने अमेरिकेत पोचले होते. एक दिवस ते चालेनासे झाले. पडद्यावर संदेश, की हे यंत्र या देशात वापरायला मंजूर नाही. डबा भिंतीवर, पैसे फिटलेले, आणि चावी समुद्रापलीकडे. त्याच महिन्यात लिथुआनियाने १०० किलोवॅटहून मोठ्या सौरप्रकल्पांवर चिनी कंपन्यांना दुरून ताबा ठेवता येणार नाही, असा कायदा केला. आपल्याकडे १३ फेब्रुवारी २०२४ला पंतप्रधान सूर्यघर योजना आली. ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान, पण देशी मालाची अट होती ती पॅनेल आणि त्यातल्या सेलना. इन्व्हर्टर त्या अटीतून सुटला. सगळा रोख चमकणाऱ्या काचेवर आणि अक्कल असलेला डबा मोकळा, हे मला तरी पटलेलं नाही. सिंदीला जवाहरलाल नेहरू बंदराचं ड्राय पोर्ट आखलं गेलं, ते इथला कापूस-संत्री कंटेनरमधून थेट जहाजाला लागावीत म्हणून. उलट्या दिशेने येणाऱ्या कंटेनरांत काय असेल याचा अंदाज करायला फार डोकं लागत नाही.

अभिप्रायांची गंमत इथे सुरू होते. अभिप्राय लिहिला जातो ब्रँडच्या नावावर. यंत्र घडतं कारखान्यात. एकाच नावाखाली ३ किलोवॅटचा डबा एका कारखान्यातून आणि ५ किलोवॅटचा दुसऱ्यातून येऊ शकतो, तारे मात्र एकाच पानावर गोळा होतात. शिवाय माणूस लिहितो कधी? डबा आला, बसला, दिवा लागला, की त्याच आठवड्यात. “पॅकिंग उत्तम, बसवणारा मुलगा नम्र.” नम्रपणाला माझी ना नाही, पण इन्व्हर्टरचा खरा वैरी तोवर आलेलाच नसतो. तो येतो मे महिन्यात. वर्ध्याचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, पश्चिमेच्या भिंतीवर तिरपं ऊन येतं आणि डब्याच्या पोटातलं तापमान त्याहून कितीतरी वर जातं. आत विजेची साठवण करणारे छोटे नळकांडीवजा कपॅसिटर असतात. अभियंत्यांचा जुना ठोकताळा असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं. जाणती यंत्रं अशा वेळी स्वतःहून वीज कमी करून जीव वाचवतात. थंड हवेच्या देशातल्या माणसाने मनापासून, अगदी प्रामाणिकपणे दिलेले पाच तारेसुद्धा सिंदीत म्हणूनच अपुरे. खोट्या अभिप्रायांचा प्रश्न त्यानंतरचा. त्यावरही मानक ब्युरोने २०२२च्या नोव्हेंबरात आयएस १९००० हे मानक काढलं: लिहिणारा खरा आहे ना हे तपासा, विकत घेतलेले अभिप्राय छापू नका. इन्व्हर्टरची नोंदणी करणारी आणि इन्व्हर्टरवरच्या मतांनाही शिस्त लावू पाहणारी संस्था एकच, याची मला भारी मौज वाटते. फरक एवढाच, की इन्व्हर्टरची नोंदणी सक्तीची आणि अभिप्रायांचं मानक ऐच्छिक म्हणून आलं.

वर्धा जिल्ह्याबद्दल लिहायचं आणि चरखा आठवायचा नाही, हे अवघड. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. अटी बघण्यासारख्या होत्या. भारतात बनवायला १५० रुपयांहून जास्त लागू नयेत. बाईमाणसाला फार न दमता सलग ८ तास चालवता यावा. वेळच्या वेळी देखभाल केली तर किमान २० वर्षं टिकावा, आणि झिजलेले भाग बदलण्याचा वर्षाचा खर्च किमतीच्या ५ टक्क्यांवर जाऊ नये. किर्लोस्करवाडीहून एक यंत्र गेलं होतं. पसंतीला उतरलं नाही. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पण माल कसा जोखावा, याचं इतकं नेमकं कलम मी आजच्या कुठल्याच विक्रीपानावर वाचलेलं नाही. पॅनेलची हमी साधारण २५ वर्षांची, इन्व्हर्टरची बहुधा ५ ते १० वर्षांची. म्हणजे एका पॅनेलच्या जन्मात डबा एक-दोनदा बदलणारच. तेव्हा हमीपत्रावर कुणाचं नाव आहे, सुटा भाग नागपुरात मिळतो की बंगळुरूहून मागवावा लागतो, नवा डबा येईतो किती दिवस घर सोलरविना, हे प्रश्न ताऱ्यांत मावत नाहीत. ते वायरमनला विचारावे लागतात, आणि तो माल विकणारा नसेल तर उत्तरही सरळ मिळतं.

गावात कुणाकडे तीन उन्हाळे काढलेला डबा असेल तर त्याच्या घरी चहाला जावं. छोट्या पडद्यावर किंवा मोबाइलवर ‘ई-टोटल’ असा आकडा दिसतो: बसवल्यापासून आजवर बनलेली एकूण युनिटं. विदर्भातल्या उन्हात १ किलोवॅटमागे वर्षभराच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिटं धरतात. ३ किलोवॅटची १२, तीन वर्षांची तेरा हजारांच्या आसपास. मे महिन्यात आकडा अपेक्षेपेक्षा मागे पडला तर लगेच दचकू नये. ६५ अंशांना तापलेलं पॅनेलच दहा-पंधरा टक्के कमी देतं. पण तीन वर्षांची बेरीज नऊ हजारांवरच अडकली असेल, तर आधी झाडाची सावली आणि पॅनेलवरची धूळ बघायची, मग दिवसाढवळ्या लाईन किती वेळा जाते ते विचारायचं, आणि त्यानंतरच स्टिकरवरचे आठ आकडे टिपून घ्यायचे.