कोयता आणि काठी

जूनचा पहिला आठवडा, रात्रीचे दोन वाजून गेलेले. कर्जत-मुरबाड रस्त्यावरून आत वळल्यावर लागणाऱ्या एका फार्महाऊसच्या मागे, राबाची राख अजून काळी दिसत होती अशा खाचरात शॉट लागला होता. एकोणीस-वीस वर्षांची नटी अनवाणी पळत येणार, मागून कोयतेवाला. संध्याकाळी एक सर पडून गेली होती. पहिल्या सरीनंतर आमच्याकडे फुरसं, मण्यार बाहेर निघतात, हे साऱ्या युनिटमध्ये दोघांनाच ठाऊक होतं. एक मी आणि दुसरा कोयतेवाला.

कोयतेवाला म्हणजे त्या बंगल्याचे वॉचमनकाका, शेजारच्या ठाकरवाडीतले. दिग्दर्शकाला त्यांचा चेहरा आवडला, म्हणून ठरलेल्या नटाऐवजी त्यांनाच घोंगडी पांघरून उभं केलं होतं. प्रत्येक टेकच्या आधी काका कोयता माझ्या हातात द्यायचे, काठी घ्यायचे आणि ती पोरगी ज्या वाटेने पळणार ती सगळी वाट ठोकत, आपटत जायचे. परत येऊन काठी बांधाला टेकवायचे, कोयता घ्यायचे. मग ‘ॲक्शन’.

मी कर्जतचाच. युनिटना लोकेशन दाखवणं हे माझं काम. २००५ साली चौक गावाजवळ कलादिग्दर्शक नितीन देसाईंचा एन. डी. स्टुडिओ उभा राहिला, ‘जोधा अकबर’चे महाल तिथे लागले आणि सिनेमावाल्यांना ही बाजू सवयीची झाली. ज्यांना महाल परवडत नाही ते फार्महाऊस मागतात, आणि त्यांत तरुण पोरांच्या खुनाखुनीचे सिनेमे हमखास असतात. मुंबईतून पाच-सहा मित्र शनिवारी निघतात, चौकला वळतात, बंगल्यात मोबाइलला रेंज नसते आणि सकाळपर्यंत एकच मुलगी उरते.

हा प्रकार मला मनापासून आवडतो. एक घर, एक रात्र, अनोळखी चेहरे. पैसा नसलेल्या माणसालाही इथे दार उघडं असतं. जॉन कार्पेंटरने १९७८ साली ‘हॅलोवीन’ केला तो जेमतेम तीन लाख डॉलरच्या आसपास. खुन्याचा मुखवटा म्हणजे दुकानात दोन डॉलरच्या आत मिळालेला ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा चेहरा, पांढरा रंगवलेला. गोष्ट ऐन पानगळीतली आणि शूटिंग वसंतात, म्हणून रंगवलेली पानं पोत्यांतून आणायची, शॉट झाला की गोळा करून पुढच्या रस्त्यावर पसरायची. आमच्याकडेही तेच चालतं. चकचकीत टाइल्सचा बंगला ‘पडका वाडा’ व्हावा म्हणून आर्टवाली पोरं रबर सोल्युशन पंख्यावर उडवून रात्रभर जळमटं विणतात. रक्त गोड पाकाचं असतं, त्यामुळे मेलेल्या नटाच्या मानेवर दहा मिनिटांत मुंग्यांची रांग लागते आणि बिचाऱ्याला श्वास रोखून पडून राहावं लागतं. ह्या मेहनतीबद्दल मला आदर आहे.

पण ‘हॅलोवीन’ची खरी ताकद त्या मुखवट्यात नाही. त्यातल्या मुलींची बोलणी डेब्रा हिल ह्या बाईने लिहिली होती. शाळा, मुलगे, दुसऱ्यांची पोरं सांभाळायचा कंटाळा. त्या मुली आपल्या ओळखीच्या होतात आणि मगच आपण त्यांच्यासाठी घाबरतो. आमच्या त्या सिनेमात पाच पोरं होती. पहाटे तीनला मेकअपच्या खोलीत एकजण सांगत होती की बारावीत नापास झाल्यावर तिने आठवडाभर घरी कसं लपवलं. दुसरी रात्रपाळी करणाऱ्या आईला फोन करून, जेवलीस का, विचारत होती. मी दाराशी चहाचे कप घेऊन ऐकत राहिलो. स्क्रिप्टमध्ये ह्याच मुलींच्या वाट्याला होतं हसणं, तलावात उतरणं आणि किंचाळणं. जी प्रियकराबरोबर खोलीत गेली ती पहिली मेली. असला हिशेब ह्या सिनेमांनी वर्षानुवर्षं चालवलाय आणि तो मला कधीच मान्य झाला नाही. भीती दाखवायची म्हणता आणि मुलींना शिक्षा देता!

दुसरं दुखणं आमच्या गावाचं आहे. ‘हॅलोवीन’चा खुनी मायकल मायर्स त्याच गावातला मुलगा, स्वतःच्याच गल्लीत परत आलेला. आमच्याकडे येणाऱ्या कथांत पोरं शहरातली आणि भीती म्हणजे आम्ही. दिवा घेऊन येणारा वॉचमन, कपाळभर कुंकवाची म्हातारी, ‘इथं थांबू नका’ म्हणणारा गुराखी. २०११ सालचा पवन कृपलानींचा ‘रागिणी एमएमएस’ आठवा. शनिवार-रविवारसाठी बंगल्यावर आलेलं जोडपं हिंदी बोलतं आणि त्या घरातलं भूत मराठी. ती बाई तर आपण चेटकीण नाही हेच परोपरीने सांगत असते. गावाने जिला चेटकीण ठरवलं तिची ही केवढी मोठी गोष्ट! सिनेमा तिच्या दाराशी पोचतो आणि पुन्हा पलंगाला जखडलेल्या मुलीकडे वळतो. तरीही त्या आवाजासाठी मी तो सिनेमा मानतो.

१९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी ह्या ठाकरवाडीवर डोंगर कोसळला. पुढच्या वर्षी एका युनिटने मला ‘शापित, ओसाड पडलेली ठाकरवाडी’ शोधायला सांगितली. मी ते काम सोडलं.

तर त्या जूनच्या रात्री, चौथ्या की पाचव्या टेकनंतर काकांनी दिग्दर्शकाला विचारलं, “साहेब, मी ह्या पोरांना मारतो कशापायी?” दिग्दर्शक पंचविशीतला, चांगल्या घरचा, कष्टाळू मुलगा होता. त्याने प्रामाणिकपणे स्क्रिप्ट चाळलं आणि म्हणाला, “काका, तुम्ही जंगलात राहता ना, म्हणून.” काकांनी मान हलवली. राग नव्हता चेहऱ्यावर. कोयता माझ्या हातात दिला, काठी घेतली आणि वाट ठोकायला गेले.

त्या रात्री सगळ्यात हैराण झाला होता साउंड रेकॉर्डिस्ट. त्याला शांतता हवी होती आणि कर्जतला रात्री शांतता नसते. बोरघाट चढण्यासाठी गाड्यांना इथे मागून बँकर इंजिनं लागतात; त्यांचे भोंगे कोसभर ऐकू येतात. गाडी गेली की बेडूक, बेडूक थांबले की रातकिडे. वैतागून त्याने मशीन बंद करणंच सोडून दिलं आणि टेकच्या मधलंही सगळं रेकॉर्ड होत राहिलं.

सिनेमा थिएटरला लागलाच नाही. पण एडिट झाल्यावर दिग्दर्शकाने मला लॅपटॉपवर तो प्रसंग दाखवला. अंधार, पोरीचं धापा टाकणं, आणि लांबून जवळ येत जाणारा एक आवाज. ठक. ठक. ठक. कोयतेवाला दिसायच्या आधीच अंगावर काटा आला. संगीतकार हॅरी मॅनफ्रेदिनीने ‘फ्रायडे द थर्टीन्थ’साठी आपल्याच तोंडाने काढलेले ‘कि’ आणि ‘म’ प्रतिध्वनीत घुमवून खुन्याची चाहूल बनवली होती. त्या तोडीची चाहूल आमच्या पोरांना फुकटात सापडली होती.

मी तो तुकडा मोबाइलवर घेतला आणि वाडीवर जाऊन काकांना ऐकवला. त्यांनी फोन कानाशी धरला, दोनदा ऐकला.

“ही माझी काठी,” ते म्हणाले. “त्या पोरीच्या पायाला काय लागलं तर नाय ना नंतर?”