ॲल्युमिनियमची तार आणि स्क्रूखालची फट

कॅनडात, विशेषतः टोरोंटोतील स्कारबरो आणि शहराभोवतीच्या मिसिसागा, ब्रॅम्प्टन या परिसरात, जुने घर विकत घेऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबाच्या हाती येणाऱ्या तपासणी-अहवालात ‘ॲल्युमिनियम वायरिंग’ हे दोन शब्द आढळले की व्यवहार अडतो, विमा कंपनी प्रश्न विचारू लागते आणि भिंती फोडून घरभर तांब्याच्या तारा घालाव्या लागतील की काय, ही चिंता सुरू होते. चिंता निराधार नाही, पण तिचा रोख चुकतो, कारण धोका जेथे असतो ती जागा भिंतीत नसून तळघरातल्या करड्या पॅनेलमध्ये, प्लगच्या खोबणीमागे आणि स्विचच्या स्क्रूखाली असते.

१९६० च्या दशकाच्या मध्यास तांब्याचे भाव कडाडले. कॅनडात जलविद्युत मुबलक, आणि ॲल्युमिनियम गाळायला विजेइतके दुसरे काहीच लागत नसल्याने तो धातू तेथे जवळपास घरचाच; त्यामुळे साधारण १९६५ पासून १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बांधलेल्या असंख्य घरांत ॲल्युमिनियमच्या तारा गेल्या. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के असते, म्हणून १५ अँपिअरच्या मंडलासाठी १४ क्रमांकाच्या तांब्याच्या तारेऐवजी १२ क्रमांकाची, म्हणजे अधिक जाड, तार वापरण्यात आली (या मापनपद्धतीत आकडा घटला की जाडी वाढते). एवढी दुरुस्ती केल्यावर तार म्हणून ॲल्युमिनियममध्ये काहीच उणे राहत नाही. वीज कंपन्यांच्या उच्चदाबाच्या वाहिन्या आजही ॲल्युमिनियमच्याच असतात, आणि ‘संपूर्ण तांब्याचे वायरिंग’ म्हणून जाहिरात केलेल्या घरापर्यंत येणारी वीजही बहुधा त्याच धातूतून आलेली असते.

गोम आहे ती जोडात. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. पोलादी स्क्रूखाली दाबलेल्या तारेला फुगायला जागा मिळत नाही आणि धातू मऊ असल्याने ती बाजूला पसरते. दाबाखालच्या धातूच्या या संथ, कायमच्या पसरण्याला विसर्पण म्हणतात. विजेचा भार थांबला की तार आकसते, पण पसरलेला भाग पूर्वस्थितीत येत नाही, आणि स्क्रूखाली केसाहून बारीक फट पडते. त्या फटीत हवा शिरते व उघड्या पडलेल्या पृष्ठभागावर तत्क्षणी ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर चढतो. हिंडालियमच्या कढईला गंजापासून वाचवणारा थर तो हाच. स्वयंपाकघरात उपकारक ठरणारा हा गुण जोडात मात्र घातक ठरतो, कारण हे ऑक्साइड विद्युतरोधक आहे. रोध वाढला की उष्णता वाढते, उष्णतेने पुन्हा प्रसरण होते, आणि प्रत्येक फेऱ्यात फट थोडी रुंदावते.

ही उष्णता किती, हे शाळेत शिकलेल्या जूलच्या नियमाने काढता येते. कॅनडात घरगुती दाब १२० व्होल्ट असल्याने १५०० वॅटचा हीटर १२.५ अँपिअर प्रवाह ओढतो. जोडाचा रोध केवळ ०.२ ओहम झाला, तर तेथे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे ३१ वॅट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातली सोल्डरिंगची सळई साधारण एवढ्याच शक्तीची असते, आणि येथे ती तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत, लाकडी चौकटीच्या भिंतीत, हिवाळाभर पेटलेली राहते. भारतातील २३० व्होल्टसाठी बनवलेला तेवढ्याच शक्तीचा हीटर साडेसहा अँपिअर घेतो, तेव्हा तितक्याच बिघडलेल्या जोडात उष्णता साडेतीन पटींहून अधिक कमी होते. कमी दाब अधिक सुरक्षित, हा समज विजेच्या धक्क्यापुरता खरा असला तरी जोडाच्या बाबतीत उलटा पडतो.

येथे मराठी वृत्तपत्रांच्या एका लाडक्या वाक्याचीही दखल घ्यायला हवी. कोणत्याही आगीनंतर ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज’ छापला जातो. परंतु शॉर्टसर्किटमध्ये प्रवाह अनेक पटींनी वाढतो आणि ब्रेकर सुस्थितीत असल्यास क्षणात पडतो. सैल जोडात प्रवाह वाढतच नाही. वरच्या उदाहरणात ब्रेकरला दिसतात ते साडेबारा अँपिअर, म्हणजे त्याच्या मर्यादेच्या आतले; हीटरलाही १२० पैकी अडीच व्होल्ट कमी मिळाल्याचे जाणवत नाही. म्हणूनच अशा जोडाचा शोध यंत्रावर सोडता येत नाही. माणसाला तपासणी करावी लागते.

या प्रश्नावर ओंटारियो सरकारने नेमलेल्या आयोगाचे प्रमुख कोण होते, हे भूगोलाच्या विद्यार्थ्यालाही चकित करील. जॉन टुझो विल्सन (१९०८–१९९३) हे हवाई बेटांच्या माळेचे कोडे ‘तप्त बिंदू’च्या कल्पनेने सोडवणारे भूभौतिकशास्त्रज्ञ; त्यांचा १९६३ चा तो निबंध एका प्रतिष्ठित अमेरिकी नियतकालिकाने नाकारल्यावर, भूशास्त्रज्ञ सहसा न चाळणाऱ्या कॅनडाच्या भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. १९६५ मध्ये त्यांनी भूपट्ट एकमेकांना घासत जातात त्या रूपांतर-भ्रंशांची संकल्पना मांडली, आणि पुढल्या वर्षी अटलांटिक महासागर एकदा मिटून पुन्हा उघडला असावा, असे सुचवले. १९७४ पासून ते ओंटारियो विज्ञान केंद्राचे महासंचालक होते आणि त्याच काळात त्यांच्याकडे घरगुती तारांचा हा आयोग आला. अहवाल १९७९ मध्ये पूर्ण झाला. चरित्रकार हवाईवर पाने खर्च करतात आणि ॲल्युमिनियमला फार तर एक ओळ देतात, हे अन्यायाचे आहे.

भूपट्टाचा अंतर्भाग बहुतांशी निवांत असतो आणि ताण साठतो तो दोन पट्टांच्या सीमेवर. तारेचेही तसेच, लांबीभर ती शांत असते आणि वेगळ्या धातूला भिडते तेथे कुरबुर सुरू होते. ही तुलना विल्सन यांच्या नावावर खपवण्याचे कारण नाही, पण ती टाळवत नाही. महाराष्ट्रातील वाचक कोयना (१९६७) आणि किल्लारी (१९९३) यांकडे बोट दाखवील, आणि ते भूपट्टाच्या पोटातले भूकंप होते हे खरेच. मऊ ॲल्युमिनियमची तारही सोलताना पात्याने खरचटली, तर सांध्यापासून दूरदेखील दुबळी होते.

ॲल्युमिनियमवर बंदी मात्र आली नाही. नंतरच्या तारांसाठी विसर्पणाला अधिक दाद न देणारी मिश्रणे आली आणि भर जोडणीच्या साहित्यावर राहिला. तरीही अमेरिकेतील एका पाहणीतून निघालेला ‘५५ पट’ हा आकडा आजही भीती घालण्यासाठी फिरवला जातो. १९७२ पूर्वीच्या ॲल्युमिनियमच्या तारा असलेल्या घरांत किमान एखादा जोड ‘आगीच्या धोक्याच्या स्थिती’ला पोहोचण्याची शक्यता तांब्याच्या घरांच्या ५५ पट आहे, एवढेच ती पाहणी सांगते, आणि त्या स्थितीची व्याख्या खोबणीच्या झाकणाचा स्क्रू १४९ अंश सेल्सिअसला पोहोचणे, ठिणग्या पडणे किंवा भोवतालचे साहित्य करपणे अशी आहे. आगी ५५ पट लागतात, असे तिने म्हटलेले नाही. १४९ अंश ही दुर्लक्ष करण्यासारखी बाब नव्हे, परंतु भिंती फोडण्याचे कंत्राट मिळवण्यासाठी ती आग म्हणून विकणे हा व्यापार झाला.

तपासणीत घरमालकाचा वाटा न उघडता पाहण्यापुरताच असावा: झाकणाला हात लावून ऊब, करपल्यासारखा वास, गुणगुणणारा ब्रेकर, कारणाविना मिचकावणारे दिवे, आणि तळघराच्या उघड्या छतात दिसणाऱ्या तारेच्या आवरणावर छापलेली ॲल्युमिनियमची खूण. पॅनेलचे झाकण काढणे हे इलेक्ट्रिशियनचे काम आहे, कारण मुख्य ब्रेकर बंद केल्यावरही रस्त्यावरून आत येणाऱ्या तारा जिवंतच राहतात. भारतातून गेलेल्या हौशी हातांना आणखी एक सापळा आहे: भारतीय घरांत वर्षानुवर्षे लाल तार फेजची आणि काळी न्यूट्रलची असे, तर कॅनडात काळी तार फेजची आणि पांढरी न्यूट्रलची असते, आणि काही मंडलांत पांढरीतूनही फेज नेलेला आढळतो.

जाणकार तपासनीस करपलेले आवरण, एका स्क्रूखाली कोंबलेल्या दोन तारा आणि तारेच्या जाडीला न शोभणारा मोठा ब्रेकर पाहतो, अवरक्त तापमापकाने जोड तपासतो, आणि ठरावीक बलानेच फिरणाऱ्या पेचकसाने स्क्रू आवळतो. दरवर्षी स्क्रू कचकचून पिळण्याचा घरगुती उपाय उलटा पडतो, कारण अधिक दाबाने विसर्पणच वाढते. दुरुस्ती बहुतेकदा भिंतीबाहेरच भागते: ‘सीओ/एएलआर’ शिक्क्याच्या खोबण्या बसवणे, किंवा मान्यताप्राप्त कनेक्टरने ॲल्युमिनियमला तांब्याचा छोटा तुकडा जोडून तो स्क्रूखाली घेणे.

ओंटारियोत पैसे देऊन करवायचे असे काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे लागते आणि त्याची सूचना इलेक्ट्रिकल सेफ्टी ॲथॉरिटीकडे नोंदवावी लागते. त्या काळातले घर घेणाऱ्यांनी विक्रेत्याकडे या नोंदीची व तपासणीच्या दाखल्याची प्रत सौदा पक्का करण्यापूर्वी मागावी.