अंबरचा गंध : नाव एक, वस्तू तीन

गैरसमज : अंबर परफ्युम तृणमण्यापासून बनतं.

कुपीतला मधासारखा रंग पाहून तसं वाटणं साहजिक आहे. तृणमणी म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांची दगड झालेली राळ. घासला की गवताची काडी ओढून घेतो, म्हणून हे नाव. त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. जाळला तर चिडाच्या लाकडासारखा धूर येतो, गोडवा नाही.

गैरसमज : मग ते देवमाशापासून मिळत असेल.

हा घोळ नावाने घातला. अरबी ‘अंबर’ हा शब्द मुळात स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणाऱ्या पदार्थाचा. पुढे युरोपात तोच तृणमण्यालाही चिकटला. कोकणच्या किनाऱ्यावर ‘व्हेलची उलटी’ पकडल्याच्या बातम्या येतात, ती हीच वस्तू. खरं तर ती उलटीही नव्हे. म्हाकुलांच्या न पचलेल्या चोचींभोवती ती आतड्यात साचते आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते विष्ठेच्या वाटेनेच बाहेर पडते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे भारतात तिचा व्यापार गुन्हा आहे. तिचा वास समुद्राचा, खारट, किंचित जनावरी. आज तशी छटा हवी असली तर क्लॅरी सेज या वनस्पतीपासून अँब्रॉक्सन तयार करतात. गोड, उबदार अंबरशी तिचं नातं नावापुरतंच.

गैरसमज : अंबर हा एकाच झाडाचा वास आहे.

अंबर हा मेळ आहे आणि मला त्याची खरी गोडी इथेच वाटते. पाया लॅबडॅनमचा. भूमध्य समुद्राकाठच्या सिस्टस झुडपांची ही चिकट राळ. क्रीट बेटावर ती शेळ्यांच्या दाढीतून विंचरून काढत. चामड्याच्या पट्ट्यांचं दाताळं झुडपांवर फिरवूनही गोळा करत. तिच्यात चामडं, काकवी आणि उन्हात तापलेलं गवत एकत्र येतं. त्यावर बेन्झॉइन. हे नाव परकं वाटेल, पण वास नाही: निखाऱ्यावर टाकल्यावर घरभर दरवळणारा आपला ऊद तो हाच. (अरबी परफ्युमवर ‘ऊद’ लिहिलेलं असतं ते अगरू. त्याचा याच्याशी संबंध नाही.) तिसरा व्हॅनिला. १८७४मध्ये टीमान आणि हारमान या रसायनज्ञांनी व्हॅनिलिन प्रयोगशाळेत बनवलं आणि हा गोडवा मुबलक झाला. जॅक गेर्लँ यांच्या १९२५च्या ‘शालिमार’ या अंबर परफ्युममध्ये त्याहून तीव्र एथिल व्हॅनिलिन आहे.

गैरसमज : उबदार गंध म्हणजे उष्ण, उन्हाळ्यात लावूच नये.

पुदिन्यातलं मेंथॉल थंडी ओळखणाऱ्या चेतातंतूंना खरोखर चेतवतं. व्हॅनिलाच्या किंवा राळेच्या वासाने मात्र अंग तापत नाही. ही ऊब आठवणींतून येते: खीर, धूप, तापलेलं लाकूड. उन्हाळ्यात अडचण वेगळीच होते. गरम त्वचेवरून परफ्युम भराभर उडतं आणि गोडवा अंगावर येतो. तेव्हा एकच फवारा पुरे.

आणि दुकानात कागदी पट्टी हुंगून लगेच निकाल देऊ नका. शालिमारची सुरुवात बर्गमॉटच्या लिंबूवर्गी ताजेपणाने होते. राळेचे जड रेणू सावकाश उडतात, म्हणून अंबर मागून येतो. मनगटावर लावा, बाजारात एक चक्कर मारा, मग हुंगा.