बॅकअपमधले फोटो परत आणताना

हार्ड डिस्क बंद पडते. बॅकअपची डिस्क जोडून, लाइटरूम क्लासिक उघडून सगळे फोटो पुन्हा इम्पोर्ट केले जातात. फोटो दिसतात, पण एडिटिंग, स्टार, कीवर्ड सगळं गायब! मग बॅकअपला दोष दिला जातो. खरं तर बॅकअप बहुधा ठीकच असतो, चुकलेली असते ती फोटो परत आणण्याची पद्धत.

याच्या मुळाशी एक समज आहे : फोटो लाइटरूमच्या आत असतात. ते तिथे नसतातच. फोटो डिस्कवर आपापल्या फोल्डरमध्ये राहतात. कॅटलॉगमध्ये असतात त्या फक्त नोंदी : फाइल कुठे आहे, एक्स्पोजर किती वाढवलं, क्रॉप कुठे केलं, स्टार किती दिले. मूळ रॉ फाइलमधल्या चित्राला हात लागत नाही. म्हणूनच फोटो आणि कॅटलॉग, दोन्हींचा बॅकअप लागतो. प्रोग्राम बंद करताना 'कॅटलॉगचा बॅकअप घेऊ का?' असं विचारलं जातं. त्याला होकार दिला की फोटोही जपले गेले, असं मानणारे पुष्कळ भेटतात. त्या झिप फाइलमध्ये फोटो एकही नसतो.

त्यामुळे कॅटलॉग शाबूत असेल, तर पुन्हा इम्पोर्ट करूच नये. बॅकअपमधले फोल्डर नव्या डिस्कवर जसेच्या तसे, त्याच नावांनी आणि त्याच रचनेत कॉपी करावेत. मग जुना कॅटलॉग उघडावा. डावीकडे फोल्डरवर प्रश्नचिन्ह दिसेल, त्याने घाबरून जाऊ नये. सर्वांत वरच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'फाइंड मिसिंग फोल्डर' निवडावं आणि नवी जागा दाखवावी. पोटातले सगळे फोल्डर आपोआप जुळतात आणि वर्षानुवर्षांचं काम जागच्या जागी परत मिळतं. ही एवढी एक गोष्ट माहीत नसल्यामुळे किती जणांनी लग्नाचे अख्खे अल्बम पुन्हा एडिट केले असतील!

कॅटलॉगच गेला असेल, तर मदतीला येतात एक्सएमपी फाइली. रॉ फोटोशेजारी राहणाऱ्या या छोट्या फाइलीत एडिटिंग, कीवर्ड आणि स्टार लिहिलेले असतात. मात्र त्या आपोआप लिहिण्याची सोय मुळात बंद असते. कॅटलॉग सेटिंग्जमध्ये जाऊन ती आजच चालू करा. तरीही कलेक्शन, व्हर्च्युअल कॉपी आणि हिस्टरी एक्सएमपीत येत नाही, तेव्हा कॅटलॉगच्या बॅकअपला पर्याय नाही.

'डुप्लिकेट फोटो लाइटरूम ओळखतो' हेही अर्धसत्य. तो फाइलचं मूळ नाव, फोटो काढल्याची वेळ आणि फाइलचा आकार, या तीन गोष्टी ताडून पाहतो. चित्र पाहत नाही. बॅकअप घेताना फाइलचं नाव बदललं असेल, किंवा तोच फोटो व्हॉट्सअॅपवरून लहान होऊन आला असेल, तर तो नवा म्हणून बिनदिक्कत आत येतो. उलट, नाव सारखं म्हणून फोटो तोच समजून हाताने पुसणं त्याहून घातक. कॅमेऱ्याचे आकडे ९९९९ नंतर पुन्हा ०००१ पासून सुरू होतात, त्यामुळे हळदीचा आणि बारशाचा फोटो एकाच नावाचे असू शकतात.

कॉपी करून करून फोटोचा दर्जा उतरतो, ही भीती मात्र निराधार आहे. जेपीइजी पुन्हा सेव्ह केली तर घट होते, नुसत्या कॉपीने नाही.

गूगल फोटोजला पूर्ण बॅकअप मानणाऱ्यांनी आधी सेटिंग पाहावं. 'स्टोरेज सेव्हर' निवडलेलं असेल, तर १६ मेगापिक्सेलहून मोठा फोटो त्या मापाला आणला जातो. २४ मेगापिक्सेलचा मूळ फोटो तिथून परत मिळत नाही. 'टेकआउट'ने फोटो उतरवले, तर गूगलमध्ये दुरुस्त केलेली तारीख आणि लिहिलेलं वर्णन वेगळ्या जेसन फाइलीत येतं, आणि लाइटरूम ती वाचत नाही. एक्झिफटूल या मोफत प्रोग्रामने ती माहिती आधी फोटोंच्या फाइलीत भरून घ्यावी, आणि मगच इम्पोर्टचं बटण दाबावं.