व्याख्यानांची रेकॉर्डिंग किती दिवस टिकणार, हे कोण ठरवते?

दिवसा काम करून शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी व्याख्यानाचे रेकॉर्डिंग ही जादाची सोय नसते, तोच त्याचा वर्ग असतो. परीक्षेच्या तोंडावर लिंक उघडली आणि फाईलच सापडली नाही, तर त्याचा वर्गच बंद झालेला असतो. एकदा रेकॉर्ड झाले की ते कायम राहते, असे आपण समजतो. प्रत्यक्षात तसे नसते.

अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाचे उदाहरण पाहू. तेथील वीस हजारांहून अधिक व्याख्याने जगभर कोणालाही मोफत पाहता येत होती. त्यांपैकी अनेकांना मथळे म्हणजे सबटायटल नसल्याने कर्णबधिरांना ती निरुपयोगी होती. तक्रार झाली आणि 2016 मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने विद्यापीठाला दोषी धरले. मागणी मथळे देण्याची होती. विद्यापीठाने खर्चाचे कारण पुढे केले आणि 2017 मध्ये ही व्याख्याने विद्यापीठाबाहेरच्या लोकांसाठी बंद केली. त्या वेळी कर्णबधिरांनाही काही मिळाले नाही आणि बाहेरच्या इतरांचेही गेले.

दुसरे कारण साठवणुकीचे. गुगलने शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद जागा बंद करण्याचे 2021 मध्ये जाहीर केले. मूळ मर्यादा संपूर्ण संस्थेसाठी 100 टीबी ठेवली. त्यातच सर्वांचे ईमेल, कागदपत्रे आणि व्हिडिओ आले. जागा भरू लागली की सर्वात आधी नजर जाते ती जुन्या रेकॉर्डिंगवर.

सर्वच कायम ठेवा, असे आमचे म्हणणे नाही. वर्गातील चर्चेत विद्यार्थ्यांचे चेहरे आणि आवाज असतात, ते काही काळाने काढून टाकणेच योग्य. पण मुदत किती, हे आधी सांगितले पाहिजे.

म्हणून सत्राच्या सुरुवातीलाच विभागप्रमुखांना लेखी विचारा: रेकॉर्डिंग किती दिवस राहील? काढण्यापूर्वी सूचना मिळेल का? एटीकेटी असलेल्यांना ते पुन्हा मिळेल का? मथळे असतील का? उत्तरही लेखीच घ्या.

प्राध्यापकांची परवानगी असेल तर अभ्यासगटाने स्वतः प्रत ठेवावी. एक एमबीपीएस दर्जाचा तासाभराचा व्हिडिओ सुमारे 450 एमबी होतो. 64 केबीपीएसचा नुसता आवाज मात्र 29 एमबीत मावतो. म्हणजे चाळीस व्याख्यानांचा आवाज सव्वा जीबीच्या आत, साध्या मोबाईलमध्येही बसतो. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. फाईलच्या नावात विषय, तारीख आणि व्याख्यान क्रमांक लिहा. वर्षातून एकदा फाईली उघडून तपासा.

साठवणुकीचा निर्णय तांत्रिक वाटतो, पण कोणाला शिकता येईल हे त्यावरच ठरते. तो निर्णय होतो त्या बैठकीत विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी असलाच पाहिजे.