सोलर इन्व्हर्टर घेताना आधी जागा बघा, मग किंमत

दुकानावर किंवा वर्कशॉपवर सोलर बसवायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, "सर, बेस्ट इन्व्हर्टर कोणता?" याचं उत्तर तुमच्या जागेवर अवलंबून आहे. कोटेशन मागवण्याआधी या चार गोष्टी बघून घ्या.

१. लाईट किती जाते?
ऑन-ग्रिड इन्व्हर्टर स्वस्त पडतो आणि नेट मीटरिंगमुळे बिल कमी होतं. पण लाईट गेली की तोही बंद होतो, अगदी भर उन्हात! हा बिघाड नाही. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तशी सोय मुद्दाम केलेली असते. लाईट क्वचित जात असेल तर ऑन-ग्रिड घ्या. रोज दोन-तीन तास जात असेल आणि डीप फ्रीझर चालू राहायलाच हवा, तर बॅटरीसह हायब्रिड घ्या. वीजच पोचलेली नसेल तर ऑफ-ग्रिड.

२. सावली कुठे पडते?
स्ट्रिंग इन्व्हर्टरला पॅनल एकापुढे एक, ओळीने जोडलेले असतात. पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनलवर पडली तरी पूर्ण ओळीची वीज कमी होऊ शकते. सावली टाळताच येत नसेल तर मायक्रो इन्व्हर्टर बघा. तो महाग पडतो, पण त्यात प्रत्येक पॅनल स्वतंत्र चालतं. छपराला पूर्व-पश्चिम असे दोन उतार असतील तर दोन एमपीपीटीचा स्ट्रिंग इन्व्हर्टर घ्या, म्हणजे दोन्ही बाजू वेगवेगळ्या सांभाळल्या जातात.

३. मोटर आहे का?
पिठाच्या गिरणीची ५ एचपीची मोटर म्हणजे साधारण ३.७ किलोवॅट. पण सुरू होताना ती नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. लाईट नसतानाही गिरणी चालवायची असेल तर इन्व्हर्टर हा झटका पेलेल का, ते विचारा. मीटर सिंगल फेज आहे की थ्री फेज, तेही सांगा.

४. इन्व्हर्टर लावणार कुठे?
विदर्भातल्या मे महिन्यात, पत्र्याला लागून लावलेला इन्व्हर्टर इतका तापतो की स्वतःला वाचवायला तो वीज कमी देतो. सावलीतली, हवा खेळती असलेली भिंत निवडा. बाहेरच लावायचा तर किमान आयपी ६५ रेटिंग हवं. कोकण किनाऱ्यावर खाऱ्या हवेतही वॉरंटी लागू राहते का, हे आधी विचारा.

आणि ॲडव्हान्स देण्याआधी विक्रेत्याला एक प्रश्न नक्की करा: "लाईट गेल्यावर माझं काय काय चालू राहील आणि किती वेळ?" उत्तर कोटेशनवर लिहूनच घ्या.